दुसऱ्या नळीचा रंग

१

एक ओळ जास्त लिहायला काय झालं होतं तुम्हाला?

ठाण्यात बसून तुम्ही पत्र लिहिलंत: मृत महिलेचा व्हिसेरा पाठवत आहोत, विषाचा अंश आहे काय, असल्यास कोणता, कळवावे. शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभे राहून तुम्ही बरण्या भरल्यात. जठर, यकृत, मूत्रपिंड, सगळं मिठाच्या पाण्यात. बाई बाथरूममध्ये मेली होती. डिसेंबर होता. भिंतीवर गॅसचा गिझर होता आणि दाराला आतून कडी होती. तरी तुमच्यापैकी एकालाही वाटलं नाही की रक्ताची एक छोटी बाटली काठोकाठ भरावी, बूच घट्ट लावावं आणि खाली एवढंच लिहावं, की कार्बन मोनॉक्साइड बघा.

हा वायू जठरात सापडत नाही. तो रक्ताला चिकटतो, प्राणवायूची जागा अडवून बसतो. रक्त तपासलं नाही तर तो नव्हताच असं समजायचं. आणि आमच्या प्रयोगशाळेची रीत अशी, की पत्रात जे विचारलं असेल तेच शोधायचं. आम्ही कीटकनाशकं शोधली, दारू शोधली, झोपेच्या गोळ्या शोधल्या. अहवाल गेला: नमुन्यांत कोणतेही विष आढळले नाही.

त्या बाईचं नाव तारा. वय सव्वीस. पत्ता बुटीबोरीचा, कारखान्यांच्या मागची वस्ती, वरच्या मजल्यावरची खोली.

अहवालावर सही माझी होती.

२

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तोच पत्ता पुन्हा आमच्या टेबलावर आला. या वेळी नाव गोपिका. चोवीस वर्षांची, उमरेडची, बुटीबोरीला सूतगिरणीत कामाला. सापडली त्याच बाथरूममध्ये. फरक एवढाच, की या वेळी कुणा नव्या डॉक्टरनं आपणहून रक्ताची बाटली दिली होती. गळ्यापर्यंत भरलेली, आत हवेचा बुडबुडाही नाही. त्या डॉक्टरला मी मनातल्या मनात हात जोडले.

या तपासणीला दोन नळ्या लागतात. एकीत मेलेल्याचं रक्त, दुसरीत जिवंत माणसाचं. दोन्हींत पाणी घालून पातळ करायचं आणि कॉस्टिक सोडा सोडायचा. साधं रक्त तीन-चार सेकंदांत हिरवट तपकिरी होतं, शेवाळलेल्या पाण्यासारखं. वायू भिनलेलं रक्त गुलाबी असतं ते गुलाबीच राहतं. दुसऱ्या नळीला आम्ही कंट्रोल म्हणतो. ती शेजारी नसेल तर पहिलीच्या रंगाला काही अर्थ नाही.

कंट्रोलचं रक्त रक्तपेढीतून मागवता येतं, पण त्याला अर्ज, मंजुरी आणि आठवडा लागतो. म्हणून आमच्याकडे जुनी पद्धत आहे. जो सही करणार त्यानंच बोट टोचून घ्यायचं. हे काम भैयाजी करतात. ते आमचे परिचर, निवृत्तीला आठ महिने राहिलेत, आणि सुई टोचताना समोरच्याचं लक्ष दुसरीकडे वळवायची त्यांची हातोटी कुठल्याच डॉक्टरकडे नाही.

"सही तुमालेच मारायची आहे ना मॅडम? मंग बोटही तुमचंच. आना इकडं."

गुरुवार होता, सकाळचे साडेदहा. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. मी दोन्ही नळ्यांत सोडा सोडला.

गोपिकाची नळी गुलाबी राहिली. आत कुठेतरी मला आनंद झाला, हे कबूल करते. सापडलं होतं.

मग मी दुसऱ्या नळीकडे पाहिलं. तीही गुलाबी होती.

३

सोडा जुना असेल म्हणून नवी बाटली फोडली. नळ्या नीट धुतल्या नसतील म्हणून कोऱ्या घेतल्या. दुसऱ्या हाताचं बोट पुढं केलं. गुलाबी.

"भैयाजी, तुमचं बोट द्या."

"माह्यं? माह्या रक्तात तं चहाच निंघन मॅडम."

त्यांची नळी तीन सेकंदांत हिरवी झाली. अगदी पुस्तकात छापल्यासारखी.

नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नसतो. मग मी तिन्ही नमुने यंत्रावर घेतले. ते यंत्र रक्तातून प्रकाश पाठवतं आणि वायूचं प्रमाण आकड्यात सांगतं. गोपिका, एकसष्ट टक्के. भैयाजी, एक. मी, नऊ.

नऊ टक्के म्हणजे दिवसाला पाकीटभर सिगारेटी ओढणाऱ्याचं रक्त. मी ओढत नाही. घरी विजेचा गिझर आहे, आणि माझी गाडीही विजेवर चालते. मी पर्यावरणाच्या गोष्टी सांगते म्हणून आई मला अजून चिडवते.

"रजिस्टरात माह्यं बोट लिवून टाका ना," भैयाजी म्हणाले. "कोन पाहून राहिलं इथं?"

"मी पाहतेय ना."

"हे तुमचं असंच राहते. नवीन लोक."

मी तिन्ही आकडे लिहिले, माझासुद्धा. खोडाखोड न करता, वेळ टाकून. विचारलं नाही म्हणून बघायचं नाही, आवडलं नाही म्हणून लिहायचं नाही, याच रोगानं तारा मेल्यावर दुसरी मेली होती.

लिहून संपवलं तेव्हा कुठेतरी बादली भरत असल्याचा आवाज आला. नळाखाली प्लास्टिकची बादली ठेवली की आवाज आधी पोकळ असतो, मग पाणी चढतं तसा बारीक आणि भरीव होत जातो. तसा तो चढत गेला आणि काठाशी येऊन थांबला. आमच्या खोलीत स्टीलचं सिंक आहे. बादली नाही.

"नळ कुणी चालू केला होता?"

"कोन्ता नळ?" भैयाजी नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते.

वायू मेंदूला फसवतो, हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे. डोकं दुखतं, भास होतात, घरात कुणी वावरतंय असं वाटतं. फक्त ते नऊ टक्क्यांत होत नाही.

४

स्वच्छ हवेत हा वायू चार-पाच तासांत निम्मा होतो. त्या रात्री मी सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकून झोपले आणि आईचं बोलणं खाल्लं. सकाळी नऊचा एक व्हायला हवा होता.

सतरा आला.

हवेतला वायू मोजायचं हातात मावणारं एक यंत्र प्रयोगशाळेत आहे. ते मी पर्समध्ये टाकलं होतं. घरी शून्य. जिन्यात शून्य. आमच्या टेबलापाशी शून्य. म्हणजे मी जी हवा घेत होते तिच्यात काहीही नव्हतं.

दुपारी श्रीधर सरांनी बोलावलं. ते आमचे विभागप्रमुख. त्यांच्यापुढे रजिस्टर उघडं होतं.

"गोपिकाचे एकसष्ट. पक्के?"

"दोनदा घेतले सर."

"आणि तुझे काल नऊ, आज सतरा." त्यांनी चष्मा काढला. "चिन्मयी, ज्या यंत्राला तू गुदमरलेली दिसतेस, त्याच्या भरवशावर मी कोर्टात उभा राहू? समोरचा वकील हे पान उघडेल आणि मला तिथंच फाडेल."

"भैयाजींचा एक टक्का आलाय सर. यंत्र ठीक आहे."

"मग तू ठीक नाहीस. दोन्हींपैकी एक काय ते ठरव."

पुण्याहून इंजिनियर येऊन यंत्र तपासेल, मग अहवाल. दहा-बारा दिवस. मी भांडले. सरांनी शांतपणे चहा मागवला. मी आणखी भांडले तर त्यांनी माझ्यासाठीही मागवला.

बाहेर आले तर फाटकापाशी एक मुलगी उभी होती. गळ्यात मफलर, हातात कापडी पिशवी. नातेवाइकांशी आम्ही बोलायचं नसतं. मी बोलले.

"तुमीच का त्या तपासनाऱ्या मॅडम? मी रुचिका. गोपिकाताईची लहानी बहीण." तिनं आवाज खाली केला. "गावात लोक म्हनून राहिले का तिनं काहीतरी घेतलं. माय जेवत नाही आहे. तिनं काही घेतलं नाही ना जी?"

"नाही. काही घेतलं नाही. मी ते लिहून देणार आहे."

तिनं डोळे पुसले आणि मग अगदी सहज म्हणाली, "सोमवारपासून मी लागून राहिली तिच्या जागी. तिच्याच खोलीवर राहीन. कंपनी पायी पायी आहे तिथून."

मी तिचा हात धरला. "तिथं राहायचं नाही. निदान तो गिझर अजिबात लावायचा नाही."

"कोन्ता गिझर?"

"बाथरूममधला. गॅसचा."

"तो तं नाही आता." तिला माझं नवल वाटलं. "पहिली पोरगी मेली ना, तारा, तवाच मालकीनबाईनं भंगारात देऊन टाकला. ताई तं बादलीत रॉड टाकून पानी तापवे."

५

शनिवारी सव्वीस.

आता डोकं ठणकत होतं आणि जिना चढताना धाप लागत होती. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात गेले. तिथल्या तरुण डॉक्टरनं बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला आणि हसला. "नव्व्याण्णव. एकदम फिट. कामाचं टेन्शन आहे का?" त्या चिमट्याला प्राणवायू आणि हा वायू यांतला फरक कळत नाही. तो दोघांनाही चांगलंच म्हणतो. हे मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, गूगल कमी वाचत जा.

तिथून थेट सरांकडे.

"गिझर नाही, सिगडी नाही, खाली गॅरेज नाही," सर बोटांवर मोजत म्हणाले. "वायू आला कुठून?"

"माहीत नाही. पण सोमवारी त्या खोलीत तिसरी मुलगी आंघोळ करणार आहे सर."

त्यांनी फोन जवळ ओढला, पण उचलला नाही. वाईट माणूस नाही तो. "एक मृत्यू, उगम नाही, कंट्रोल बिघडलेलं. एवढ्यावर कुणी खोली बंद करणार नाही. आधीच्या बाईचं रक्त असतं, तर मी आत्ता, या फोनवरून सील लावायला लावलं असतं. अहवालाचीही वाट पाहिली नसती."

"ताराचं रक्त ठेवलंच नव्हतं."

"मग?"

त्यांनी डिसेंबरचा अहवाल काढून टेबलावर ठेवला होता. त्यावर माझी सही. सहीवरून ते चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

मी शवागाराला फोन केला. दोन दिवसांतला चौथा.

"मॅडम, त्या केसमध्ये फक्त बरण्या आहेत," तिथला कारकून वैतागला होता. "रक्त रजिस्टरात नाही, फ्रीजमध्ये नाही. किती वेळा सांगू? आता काय मी माझं काढून देऊ?"

त्यानं फोन ठेवला. मी कानाला धरूनच होते. बंद झालेल्या फोनमधून टक, टक, टक असा आवाज येत राहिला. ठिणगी पडतेय आणि पेटत नाही, असा.

६

रविवारी सकाळी दहाला मी बुटीबोरीत होते. ऊन होतं. रस्त्यावर पोरं क्रिकेट खेळत होती. घरमालकीण प्रेमलताबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"आता कायची तपासनी वं बाई? पोलीस पाहून गेले, वायरवाला पाहून गेला. माह्या खोलीले बदनाम करू नका. रोज मीच झाडून राहिली तिले, मले तं काही झालं नाही."

"तिथं आंघोळ केली कधी?"

त्यांचा हात शेंगेवर थांबला. "मी काहून करू तिथं? माह्यं खाली आहे ना."

रुचिका कालच आली होती. खोलीत गोपिकाचा पलंग, गोपिकाची पेटी, खिळ्याला गोपिकाचा टॉवेल. बाथरूमच्या दाराशी रुचिका कपडे घेऊन उभी होती.

"झाली आंघोळ?"

"जाऊनच राहिली होती. पानी तापलं."

मी तिच्या हातातले कपडे काढून पलंगावर टाकले. "आज आणि उद्या खाली मालकीणबाईंकडे जा. शपथ घे."

"कोनाची?"

"ताईची."

"बापा, तुमी शिकलेल्या बायाही शपथा घ्यायले लावता?" ती हसली, पण तिनं घेतली. मी तिला खाली पाठवलं.

चार बाय पाच फुटांचं बाथरूम. खांद्यापर्यंत पांढऱ्या फरशा, वर निळा चुना. उंच झरोका, त्याची एक काचपट्टी निखळलेली. भिंतीवर स्क्रूची चार भोकं आणि पाइपाच्या तोंडात कोंबलेली चिंधी. खाली लाल बादली, पाण्यातून वाफ निघत होती. मी रॉडची पिन काढली. हवेचं यंत्र शून्य दाखवत होतं.

तपासणी करायची तर परिस्थिती तीच हवी. मी आत गेले, दार लावलं, कडी घातली आणि प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. वीस मिनिटं, असं ठरवलं. मी पदव्युत्तर पदवी घेतलेली बाई आहे. चार भोकांना घाबरण्यासारखं माझ्याकडे काही कारण नव्हतं.

आधी पोरांचा गलका ऐकू येत होता. मग तो एकदम बंद झाला, कुणी कानांवर हात ठेवावेत तसा.

टक. टक. टक.

भप्प.

यंत्र शून्य. मी भिंतीला हात लावला. चार भोकांच्या मधली फरशी ऊबदार होती. वाफेनं, मी स्वतःला सांगितलं. वाफ तिथवर पोचत नव्हती.

मग मी बादलीत पाहिलं. पाण्यावर निळ्या ज्योतींची एक रांग हलत होती. बुटक्या, एकसारख्या, बर्नरवर असतात तशा. मी वर पाहिलं. भिंत. खाली पाहिलं. ज्योती. तीनदा पाहिलं. माझ्या रक्तात सव्वीस टक्के आहे, मला भास होणारच, आणि भासाला नियम असतात, असं मी मोठ्यानं म्हटलं. पाणी गोल फिरू लागलं. गरम गार एकत्र करताना आपण हात फिरवतो तसं.

"तारा," मी म्हणाले. आवाज माझा वाटत नव्हता. "चूक झाली. विचारलं नव्हतं म्हणून मी बघितलं नाही. आता ती लहान मुलगी इथं राहायला आली आहे आणि माझ्याकडे दाखवायला काही नाही. तुझं रक्त ठेवलंच नाही कुणी."

पाणी थांबलं. ज्योतींच्या पलीकडे, माझ्या खांद्यामागून, कुणीतरी वाकू लागलं. आधी ओल्या केसांची टोकं आली. त्यांतून थेंब पडला, आणि तो मला मानेवर जाणवला. मग कपाळ. कातडी गुलाबी होती. झोपेतून उठलेल्या बाळाची असते तशी.

मी मान वळवली नाही.

"मॅडम! ओ मॅडम!" दार धडधडत होतं. "दीड तास झाला! दार उघडा जी!"

मी उघडलं. रुचिका रडकुंडीला आली होती. बादलीतलं पाणी गार पडलं होतं. यंत्र शून्य दाखवत होतं. माझे हात पांढरेफटक पडले होते, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा माझं डोकं दुखत नव्हतं.

७

सोमवारी सकाळी भैयाजींनी बोट टोचलं. मी सोडा सोडला आणि श्वास धरला.

तीन सेकंदांत हिरवी.

यंत्रावर एक टक्का.

"घ्या," भैयाजी म्हणाले. "रविवारी आराम केला ना? माह्यं ऐकत जा."

मी रजिस्टरात आकडा लिहिला. आनंद व्हायला हवा होता. मी मात्र विचार करत होते, की डोकं कालच त्या बाथरूममध्ये उतरलं होतं, आणि दीड तासात सव्वीस टक्के कुणाच्या शरीरातून जात नाहीत. गेले कुठे?

अकराच्या सुमाराला बुटीबोरी ठाण्याचा शिपाई अनिश आला. मोटरसायकलवर गारठून आलेला, नाक लाल, कापडात शिवलेलं एक पुडकं छातीशी धरलेलं. नमुना घेतल्याची पावती मिळेपर्यंत शिपायानं तो हातातून सोडायचा नसतो, म्हणून त्यानं मला फक्त पत्र दिलं.

मी ते उभ्यानं वाचलं. मग बसून वाचलं. मृत महिला तारा. वय सव्वीस. डिसेंबरची तारीख. नमुना: रक्त, एक बाटली.

"हे कुठून आलं?"

"शवागारातून. सकाळी फ्रीज उघडला तं समोरच होतं म्हने. तो कारकून तं घाबरूनच गेला. म्हने, रजिस्टरात नोंद नाही, पन शिक्का आमचाच आहे."

मी पत्र घेऊन सरांच्या खोलीकडे धावले. त्यांनी पत्रावरच्या शिक्क्याचा ठसा भिंगाखाली धरला, केस क्रमांक ताडून पाहिला, पुन्हा पाहिला. माझ्याकडे पाहिलं नाही. फोन उचलला.

"खोली बंद करा. हो, आत्ताच. आत मुलगी असेल तर आधी तिला बाहेर काढा. अहवाल मागून येईल, जबाबदारी माझी."

दहा मिनिटांनी उलट फोन आला. रुचिकाची शिफ्ट दुपारची होती, ती खाली ओट्यावरच होती. तिनं शपथ पाळली होती. दाराला लाखेचं सील लागलं होतं. मी तिथंच भिंतीला टेकले आणि मला रडू आलं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

डोळे पुसून टेबलापाशी परत आले, तेव्हा अनिश अजून पुडकं धरून उभा होता. भैयाजी पावतीवर क्रमांक टाकत होते. आता माझं लक्ष गेलं आणि नेहमीचा राग उसळला. रक्ताचा नमुना बर्फात आणायचा असतो. त्याच्याजवळ बर्फाची पेटी नव्हती.

"बर्फ कुठं आहे? एवढं साधं कळत नाही? महिनाभर फ्रीजमधलं रक्त, असं हातात धरून आणतात?"

अनिश ओशाळला. पुडकं पुढं करायच्या ऐवजी त्यानं ते दोन्ही तळव्यांत आणखी घट्ट धरलं.

"पेटी नाही भेटली मॅडम," तो म्हणाला, "पन बरंच झालं, हातमोजे घरी राहिले होते माह्ये. हे जॅकेटात धरून आलो तं रस्ताभर थंडी नाही वाजली, अजून असं गरम आहे का सोडावंसंच नाही वाटून राहिलं."